हौदा कुणाचा, निकाल त्याचा

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की पिंपळी येते, मग लिमटेक, सणसर, भवानीनगरचा छत्रपती कारखाना. नीरेच्या डाव्या कालव्यावरचा हा पट्टा जितका उसाचा तितकाच पैलवानांचा. जत्रेला तमाशा एखाद्या वर्षी हुकेल, कुस्त्यांचं मैदान हुकत नाही. पण याच पट्ट्यातली तालमीत जाणारी पोरं आता रात्री मोबाइलवर जाळीच्या पिंजऱ्यातल्या मारामाऱ्या बघतात आणि सकाळी मेहनत आटोपून वाद घालतात: बॉक्सिंग भारी की एमएमए? पुढचा जमाना कुणाचा? त्या वादात कुस्तीचं नाव कुणी काढत नाही. माझ्या मते नेमकी तिथेच चर्चेची वाट चुकते.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. ठोसा, लाथ, गुडघा, कोपर, पट, पकड, गळा आवळणं, सांधा पिळणं हे सगळं एकाच लढतीत चालतं. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, किताबाची लढत असेल तर पाच. हातमोजे चार औंसांचे आणि बोटं उघडी, म्हणजे पकडता येतं. बॉक्सिंगमध्ये फक्त ठोसा, तोही कमरेच्या वर. मोजे आठ-दहा औंसांचे, व्यावसायिक फेरी तीन मिनिटांची, किताबाच्या लढतीत बारा फेऱ्या. दोघं एकमेकांना बिलगले की पंच लगेच सोडवतो. एमएमएची खरी लढत सुरू होते ती बिलगल्यावर.

दोन्ही खेळांची गाठ घालून द्यायचा सोस जुना आहे. 26 जून 1976 ला टोकियोत महंमद अली आणि जपानी कुस्तीगीर अंतोनिओ इनोकी यांची लढत लावली. लढतीआधी नियमांवर इतकी घासाघीस झाली की इनोकीला उभ्याने लाथ मारायची जवळजवळ मुभाच उरली नाही. मग गडी पाठीवर आडवा झाला आणि पंधरा फेऱ्या अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. अलीला मोजकेच ठोसे मारता आले. लढत बरोबरीत सुटली, प्रेक्षक चिडले आणि अलीचे पाय सुजून त्याला इस्पितळ गाठावं लागलं. आपल्याकडच्या जत्रेत अशी कुस्ती झाली असती तर लोकांनी टोप्या नव्हे, चपला फेकल्या असत्या.

पुढचा अंक 12 नोव्हेंबर 1993 ला अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये. यूएफसी नावाच्या कंपनीचा तो पहिला कार्यक्रम. आर्ट जिमरसन हा बॉक्सर एका हातात मोजा घालून आणि दुसरा हात मोकळा ठेवून आत आला. ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीने त्याला खाली घेतलं, वर बसला आणि जिमरसनने हार मानली. धड ठोसाठोशी झालीच नाही. 2010 मध्ये बॉस्टनला जेम्स टोनी या नामांकित बॉक्सरचं तेच झालं. रँडी कूचर हा मूळचा कुस्तीगीर. त्याने पाय धरून टोनीला आडवा केला आणि पहिल्याच फेरीत गळा आवळून मोकळा झाला. उलट बाजूने पाहा. ऑगस्ट 2017 मध्ये एमएमएचा कॉनर मॅकग्रेगर बॉक्सिंगच्या नियमांनी बॉक्सर फ्लॉइड मेवेदरसमोर उभा राहिला आणि दहाव्या फेरीत थकून गेलेला असताना पंचाने लढत थांबवली.

एवढ्यावरून एक सरळ अनुमान निघतं: ज्याचा हौदा, त्याचा निकाल. त्याला धक्का देणारा एकच मोठा प्रसंग मला आठवतो. ऑक्टोबर 2023 मध्ये रियाधला एमएमएच्या फ्रान्सिस एन्गानूने बॉक्सिंगच्या नियमांनी लढताना बॉक्सर टायसन फ्युरीला तिसऱ्या फेरीत खाली पाडलं. लढत तो हरला, पण पंचांचं एकमत नव्हतं. चार महिन्यांनी बॉक्सर अँथनी जोशुआने त्याच एन्गानूला दुसऱ्या फेरीत झोपवलं आणि अनुमान पुन्हा जागेवर आलं.

मराठी माणसाला हे नवं वाटायला नको, कारण आपल्याकडे असा सामना दरवर्षी होतो. महाराष्ट्र केसरीला गादी विभाग वेगळा आणि माती विभाग वेगळा. दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात आणि अलीकडे ही लढत गादीवरच होते. म्हणजे मातीवाल्याने परक्या हौद्यात उतरायचं. तरीही 2018 मध्ये जालन्याला मातीतून आलेल्या बाला रफीक शेखने गादीवरच्या अभिजित कटकेला 11-3 असं हरवलं. बाला रफीक करमाळा तालुक्यातल्या खडकीचा, म्हणजे इंदापूरकरांचा उजनीपलीकडचा शेजारीच. वर्षभराने बालेवाडीत मातीतल्या शैलेश शेळकेला गादीवरच्या हर्षवर्धन सदगीरने 3-2 असं हरवलं आणि मग त्यालाच खांद्यावर घेऊन मैदानभर फिरवलं. दोघं एकाच, काका पवारांच्या तालमीतले. माती आणि गादी यांच्यात नियमांचा फरक आहे, दावांचा नाही. म्हणून निकाल कधी इकडे, कधी तिकडे जातो. बॉक्सिंग आणि एमएमए यांच्यात दावच वेगळे, म्हणून निकाल एकतर्फी.

अर्थात माती सोडून गादीवर जाणंही सोपं नव्हतं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा गादीची सवय नव्हती, आंतरराष्ट्रीय नियम नवे होते. तरी सहावे आले. चार वर्षांत तो खेळ आपलासा केला आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं.

आता तालमीतल्या पोराच्या कामाचं बोलू. एमएमएचा पाया कुस्ती आहे, हे त्या खेळातली मंडळी स्वतः मान्य करतात. हेन्री सेहुडो 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकचा कुस्तीतला सुवर्णविजेता, पुढे यूएफसीचा विजेता झाला. दागेस्तानचा खबीब 29 लढतींत एकदाही न हरता 2020 मध्ये थांबला, तोही समोरच्याला धरून, पाडून, दाबून ठेवण्याच्या जोरावर. बॉक्सरला उभं राहायचं असतं. त्याला उभं राहू द्यायचं की नाही, हे कुस्तीवाला ठरवतो. एकेरी पट काढून कब्जा घेणं, ढाक लावणं, कलाजंगावर उचलून टाकणं हे सगळं पिंजऱ्यात चालतं आणि त्याला किंमत आहे.

पण इथे एक मेख आहे आणि ती वस्तादाने पोराला समजावून सांगायला हवी. कुस्तीत खाली गेलेला पैलवान पोटावर पालथा पडून राहतो, छाती मातीला घट्ट चिकटवतो, कोपरं आत घेतो. पाठ लागली नाही म्हणजे तो जिवंत. वरचा घिस्सा मारायला, मोळी बांधायला धडपडतो आणि खालचा वेळ काढतो. आयुष्यभर अंगात मुरलेली ही सवय एमएमएत घात करते. पालथ्या माणसाच्या पाठीवर बसून मागून गळ्यात हात घालणं ही तिथली सगळ्यात खात्रीची जागा. तिथे पाठ टेकून लढणारा कधी कधी जास्त सुरक्षित असतो, आणि हे आपल्या पैलवानाच्या मनाला पटता पटत नाही. दुसरी खोड उभ्याने. कुस्तीत आपण वाकून, डोकं पुढे काढून, हात खाली ठेवून सलामी घेतो. समोरच्याला गुडघा मारायची मुभा असेल तर हे डोकं त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. पटासाठी डोकं खाली घातलं की मान पुढून काखेत सापडते आणि तिथेच आवळली जाते. या पकडीला ते लोक गिलोटिन म्हणतात.

याच पकडीवर एका मराठी मुलाची मोठी संधी संपली. मुंबईचा भरत खंडारे हा यूएफसीने करारबद्ध केलेला पहिला भारतीय. 25 नोव्हेंबर 2017 ला शांघायमध्ये तो चीनच्या सोंग याडोंगसमोर उतरला आणि पहिल्या फेरीतच गिलोटिनमध्ये सापडून हरला. तो सोंग पुढे त्या वजनगटातल्या आघाडीच्या नावांत गेला, म्हणजे हरणं लाजिरवाणं मुळीच नव्हतं. पण इथल्या वर्तमानपत्रांत त्याची जेमतेम बातमी आली. एखादा आयपीएलचा राखीव खेळाडू याहून जास्त जागा खातो.

त्याआधी 2012 मध्ये राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी सुपर फाइट लीग काढली होती. पहिला कार्यक्रम मार्चमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात झाला. मुख्य लढतीला बॉब सॅप आणि जेम्स थॉम्पसन असे दोन परदेशी धिप्पाड गडी आणले. तमाशा झाला, खेळ रुजला नाही. 2019 मध्ये टायगर श्रॉफच्या कुटुंबाने मॅट्रिक्स फाइट नाइट सुरू केली. ती जास्त टिकली आणि उत्तराखंडच्या अंशुल जुबलीसारखे लढवय्ये तिथून वर गेले. जून 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्याच्या पूजा तोमरने यूएफसीत लढत जिंकली. असं करणारी ती पहिली भारतीय महिला. हरियाणाची रितू फोगाट 2019 मध्येच कुस्ती सोडून सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिपमध्ये गेली होती. महाराष्ट्रात एवढे पैलवान, तरी या यादीत भरत सोडून मराठी नावं का नाहीत?

कारण पोटाचं आहे. आपल्याकडे चांगल्या पैलवानाला जत्रांचा हंगाम असतो. माघापासून वैशाखापर्यंत गावोगावची मैदानं, इनामं, खुराकाला देणगी. त्याहून वर गेला तर सरकारी नोकरी. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. नरसिंग यादव, विजय चौधरी, राहुल आवारे हे थेट पोलीस उपअधीक्षक झाले. पाटोद्याच्या आवारेने 2018 मध्ये राष्ट्रकुलचं सुवर्ण आणि 2019 मध्ये जागतिक कांस्य आणलं होतं, म्हणजे ते पद त्याने कमावलेलं आहे. एमएमएत जिंकलेल्या पोराला यातलं काय मिळणार? एकरभर ऊस आणि दोन म्हशींवर मुलाचा खुराक चालवणारा बाप हा हिशेब मुलाच्या आधी करतो, आणि बरोबर करतो.

बॉक्सिंगचं इथलं दुखणं निराळं. पुण्यात लष्कराची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, तिथे देशभरातले बॉक्सर घडतात. पण ऑलिम्पिक पदकं आणणारे विजेंदर, मेरी कोम, लवलिना हे हरियाणा, मणिपूर आणि आसामचे. आपल्या तालुक्यात रिंगणच नसतं. तालमीला लागते माती, आणि ती तरी कसली: चाळलेली तांबडी माती, तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर. गावाने मनावर घेतलं की पंधरवड्यात हौदा तयार. बॉक्सिंगचं रिंगण वर्गणीतून उभं राहत नाही.

पूर्वी आपल्याकडे ठोसा आणि पकड वेगळे नव्हते, हेही सांगायला हवं. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने लिहिलेल्या ‘मानसोल्लास’मध्ये मल्लविद्येला स्वतंत्र जागा आहे. मुठीत शिंगाचं हत्यार चढवून करायच्या वज्रमुष्टीच्या लढती म्हैसूरच्या दसऱ्यात जेट्टी मल्ल अजून दाखवतात, पहिलं रक्त दिसलं की थांबवतात. बडोद्याला खंडेराव गायकवाडांच्या दरबारात शिंगाची नखं हाताला बांधून खेळलेली रक्तबंबाळ कुस्ती लुई रुसले या फ्रेंच प्रवाशाने पाहिली आणि लिहून ठेवली. तेव्हा ‘हे पाश्चात्त्यांचं रानटी खूळ’ म्हणून एमएमएला नाकं मुरडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. आपण रानटीपणा सोडून नियमाची कुस्ती घडवली, ही अभिमानाची गोष्ट. रानटीपणा आपल्याकडे नव्हताच, ही थाप.

जगातला पैसा कुठे चालला आहे? यूएफसी 2001 मध्ये वीस लाख डॉलरला विकली गेली. 2016 मध्ये तिचे सुमारे चार अब्ज आले. 2025 मध्ये पॅरामाउंटने सात वर्षांच्या प्रक्षेपणासाठी 7.7 अब्ज डॉलर कबूल केले. बॉक्सिंगमध्ये एकेका बड्या लढतीचा पैसा अवाढव्य असतो, पण घर विस्कटलेलं. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संस्था आणि चार पट्टे, त्यामुळे एका वजनात चार जगज्जेते असू शकतात. हौशी बॉक्सिंगची तर आणखी शोभा. जागतिक संघटनेची मान्यता ऑलिम्पिक समितीने 2023 मध्ये काढून घेतली. 2028 च्या लॉस एंजेलिसमध्ये बॉक्सिंग असेल की नाही हेच ठरत नव्हतं. वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या संघटनेला तात्पुरती मान्यता मिळाली आणि मार्च 2025 मध्ये खेळ वाचला.

एका वजनात चार जगज्जेते म्हणून हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राला एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. 2025 मध्ये पुन्हा तेच: अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला वेताळ शेळके. कुस्तीगीर परिषद आणि कुस्तीगीर संघ या दोन संघटनांच्या भांडणात गदेचं वजन कमी होतं, हे सांगायला पैलवान असावं लागत नाही. अहिल्यानगरला तर पंचांच्या निर्णयावरून राक्षेने पंचाला लाथ मारली, मग तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन नाहीच. पण चलचित्र पाहून फेरनिर्णय करायची रीत इतक्या मोठ्या मैदानात चोख का नसावी, हा प्रश्न बंदीने मिटत नाही.

यूएफसीचं घर एकसंध आहे, कारण मालक एक आहे. त्याची किंमत लढणाऱ्याने मोजली. कंपनी मक्तेदारी करून मानधन दाबते असा दावा लढवय्यांनी लावला आणि 2025 मध्ये साडेसदतीस कोटी डॉलरवर तडजोड मंजूर झाली. अमेरिकेत बॉक्सरना 2000 सालच्या महंमद अली कायद्याचं थोडं संरक्षण आहे. लढत भरवणाऱ्याला आपली कमाई बॉक्सरला दाखवावी लागते आणि तोच त्याचा व्यवस्थापक होऊ शकत नाही. एमएमएला हा कायदा लागू नाही. आता यूएफसीचेच मालक सौदी पैसा घेऊन बॉक्सिंगमध्ये उतरले आहेत. म्हणजे बॉक्सिंग विरुद्ध एमएमए ही लढाई तिजोरीच्या पातळीवर संपत आली आहे. दोन्ही हौद्यांचा मालक एकच झाला तर पोरांनी पारावर कुणाची बाजू घ्यायची?

राहिली इजा. दिसायला एमएमए भयंकर: रक्त, फुटलेली भुवई, खाली पडलेल्याला मारणं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी लढतींनंतरच्या तपासण्या पाहिल्या तेव्हा एमएमएवाल्यांत काही ना काही इजा सुमारे 59 टक्के आणि बॉक्सरांत सुमारे 50 टक्के आढळल्या. पण शुद्ध हरपण्याचं प्रमाण बॉक्सिंगमध्ये सात टक्के, एमएमएत चार. कारण समजायला सोपं आहे. मऊ मोज्याने हात वाचतो, मेंदू नाही. बॉक्सर पडला आणि दहा अंक मोजून व्हायच्या आत उठला तर त्याला पुन्हा लढू देतात आणि तेच डोकं पुन्हा मार खातं. एमएमएत गडी भानावर नसला की पंच अंगावर झेपावून लढत थांबवतो. शिवाय पकडीत हरलेला माणूस हाताने थापटी मारून शहाणपणाने घरी जातो. ठोशांनी मेंदू झिजतो हे अमेरिकी डॉक्टर मार्टलंड यांनी 1928 मध्येच लिहिलं होतं, म्हणजे शंभर वर्षं होत आली.

कुस्ती या तिघांत सौम्य, पण निर्धोक नव्हे. मोडलेला कान ही पैलवानाची ओळख, तिचं कुणाला काही वाटत नाही. मानेचं वाटायला हवं. 2018 मध्ये कोल्हापूरकडच्या एका कोवळ्या मल्लाला मैदानात मानेला मार बसला आणि त्यातच तो गेला. गादीवर वजनगट असतात. जत्रेच्या मैदानात जोड डोळ्यांनी लावतात, पंच कमिटी दोघांना शेजारी उभं करते आणि दंड-मांड्या पाहून ठरवते. अनुभवी नजर सहसा चुकत नाही, पण चुकते तेव्हा महागात पडते. आणि मैदानात हलगी असते, निवेदक असतो, आमदार असतात, डॉक्टर बहुतेकदा नसतो.

पुढे काय होईल, याबद्दल माझं मत सांगतो. बॉक्सिंग मरणार नाही. त्याच्यात एक उघडा साधेपणा आहे, पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही कोण जिंकतंय ते कळतं. पिंजऱ्यातला जमिनीवरचा झगडा समजायला थोडा अभ्यास लागतो, जसा शहरी माणसाला कब्जा आणि चितपट यांतला फरक कळायला लागतो. एमएमए वाढेल आणि आपल्याकडे ती कुस्तीवाल्यांचीच दुसरी पाळी म्हणून वाढेल. पंचविशीत राज्य संघाची दारं बंद झालेला, पण अंगात रग असलेला पैलवान तिकडे वळेल. 2026 च्या नागोया आशियाई स्पर्धांच्या कार्यक्रमात एमएमएला प्रथमच जागा मिळाली आहे. पदकाची वाट उघडली की नोकरीची मागणी उठेल, आणि मग बापाचा हिशेबही बदलेल. मुलींच्या बाबतीत हे आणखी लवकर घडेल, असा माझा अंदाज आहे. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी व्हायला 2023 साल उजाडावं लागलं. जिथे जुनं दार इतक्या उशिरा उघडतं तिथे पोरी नव्या दाराशी जास्त वेळ घुटमळत नाहीत.

पोराने तिकडे जावं का? कुस्ती पक्की झाल्यावर, वयाची अठरा पूर्ण झाल्यावर, आणि उभ्याने मार कसा चुकवायचा हे शिकवणारा माणूस भेटल्यावर खुशाल जावं. मोबाइलवर बघून ठोसे घुमवायला लागलेल्या पंधरा वर्षांच्या पोराला मात्र वस्तादाने परत हौद्यात ओढावं. उद्या इनामाच्या आशेने कुणी जत्रेत पिंजरा उभारायला निघाला तर गावाने आधी विचारावं की मार खाल्लेल्या पोराला बारामतीच्या दवाखान्यात नेणारी गाडी कुठे उभी आहे.

तोवर एवढं तरी करता येईल. पिंपळीपासून इंदापुरापर्यंतच्या यात्रा कमिट्यांनी पुढच्या हंगामाचं पत्रक छापताना पहिल्या नंबरच्या इनामाच्या आकड्याखाली, पंचांच्या नावांशेजारी, मैदानावर हजर राहणाऱ्या डॉक्टरचं नावही छापावं. आणि ते नाव नसेल तर आईबापांनी पोराला त्या मैदानात लंगोट चढवू देऊ नये.